कॅसिनोत पाहुण्याच्या सुरक्षेचं काय? पणजीतला अनुभव आणि काही प्रश्न

अवनी_मुलुंड

मंडळी, जरा मोठं लिहिते आहे. हे घडल्यापासून डोक्यातून जात नाहीये आणि घरात बोलून बोलून सगळे थकलेत.

नवऱ्याच्या मामेभावाची चाळिशी म्हणून आम्ही सगळे मिळून गोव्याला गेलो होतो. एक संध्याकाळ मांडवीतल्या कॅसिनो बोटीसाठी राखून ठेवली होती. बोटीचं नाव लिहीत नाही, तक्रार करायची आहे म्हणून. पॅकेज घेतलं: प्रवेश, जेवण, पेयं आणि थोड्या चिप्स. जेट्टीवर ओळखपत्रं बघितली, बॅगा मशिनमधून गेल्या. बायकांची तपासणी करायला बाई नव्हती, त्यामुळे आम्हा सगळ्याजणींना तसंच पुढे सोडलं. मग छोट्या फीडर बोटीतून मोठ्या बोटीवर.

पहिला तासभर छान गेला. मग रुलेटच्या टेबलावर आमच्या मागे चार-पाच जणांचा घोळका येऊन उभा राहिला, भरपूर प्यायलेला. त्यातला एकजण पैज लावायच्या निमित्ताने माझ्या खांद्यावरून वाकायचा, दर वेळी अंगाला अंग लावून. मी दोनदा हात झटकला. मग जवळच्या सिक्युरिटीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही दुसऱ्या टेबलवर बसा ना." आम्ही उठलो. तो माणूस तिथेच राहिला.

त्यानंतरचा प्रकार जास्त गंभीर. माझ्या नणंदेला अंदर-बाहरमध्ये बऱ्यापैकी रक्कम लागली. तिने काउंटरवर चिप्स देऊन रोख घेतली, साइड बॅगेत टाकली आणि वॉशरूमकडे गेली. तिकडे जायला एक अरुंद बोळ आहे, दिवे मंद, गर्दी नाही. त्याच घोळक्यातला एकजण तिच्या मागे गेला आणि बॅगेला हिसका दिला. पट्टा तुटला, तिने बॅग छातीशी धरून ठेवली आणि ओरडली. आत गाणी इतक्या मोठ्याने चालू होती की आवाज कुणाला गेलाच नाही. वॉशरूममधून दोन अनोळखी बायका बाहेर आल्या म्हणून तो पळाला. तिच्या मनगटावर वळ आहे, दंडावर ओरखडे.

मॅनेजर आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "पैसे गेले का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. फुटेज मागितलं तर म्हणाला पोलिसांनाच देऊ. मग पोलिसांना बोलवा म्हटलं, तर म्हणाला, किनाऱ्यावर गेल्यावर बघू. आणि परतीच्या फीडर बोटीत तो माणूस आमच्यासमोर बसला होता. नणंद सबंध वेळ माझा हात घट्ट धरून होती. जेट्टीवर उतरल्यावर तो आरामात निघून गेला, कुणी त्याला एक प्रश्नही विचारला नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्याच रात्री, शेजारच्या टेबलावर एका मुलाने पैजा बंद झाल्यावर चिप सरकवली. पापणी लवायच्या आत सूट घातलेले तीन जण तिथे हजर होते. म्हणजे यंत्रणा आहे, जागी आहे, जलद आहे. ती आमच्यासाठी नव्हती.

प्रश्न असे: मुंबईत बसून काय करता येईल? फुटेज मिळवायचं कसं? आणि असा अनुभव आणखी कुणाला आला आहे का?


काळाचौकीचा_संदीप

वाईट वाटलं वाचून. नणंदबाईंना जपा. पण ताई, रागावू नका, जुगाराच्या जागी दारू फुकट, पैसा उघड्यावर आणि माणसं हरलेली. तिथे कुटुंबासह जाणं मला पटत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने मटक्यापायी गिरणगावातली घरं बसताना बघितली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हळवा आहे.


तिखटमीठ

संदीपदादा, तुमची भावना कळते. मटक्याने काय केलं ते आमच्या परळच्या चाळीतही बघितलं आहे. पण इथे तो विषय काढला की बोट आपोआप अवनीताईंकडे वळतं. परवाना असलेली जागा आहे, तिकीट काढून गेल्या आहेत, सरकार त्यावर कर घेतं. १ ऑक्टोबर २०२३पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. इतका कर भरणाऱ्या माणसाला वॉशरूमपर्यंत सुखरूप जाता यावं, ही अपेक्षा जास्त आहे का?

ताई, नणंदेची वैद्यकीय तपासणी केलीत का? नसेल तर आजच करा. वळ दोन-चार दिवसांत पुसला जातो.


अवनी_मुलुंड

@तिखटमीठ, हो. पणजीतच रात्री एका दवाखान्यात दाखवलं, कागद आहे. फोटोही काढले आहेत.

@संदीपदादा, राग नाही. सासूबाई अगदी हेच म्हणाल्या.


छतावरचा_डोळा

मी काही वर्षं कॅसिनोच्या सर्व्हेलन्स रूममध्ये काम केलं आहे. आता तो धंदा सोडून नवी मुंबईत वेगळी नोकरी करतो. तुम्ही लिहिलेलं वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही, आणि हे म्हणताना मला बरं वाटत नाही. आतून हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे काय मागायचं ते तुम्हाला कळेल.

कॅसिनोत दोन वेगळी खाती असतात. सर्व्हेलन्स म्हणजे बंद खोलीत स्क्रीनसमोर बसणारे. सिक्युरिटी म्हणजे फ्लोअरवर उभे असणारे. सर्व्हेलन्सचं मुख्य काम खेळाचं रक्षण. प्रत्येक टेबलावर वरून रोखलेला कॅमेरा असतो, त्यात पत्ते, चिप्सचा ट्रे आणि डीलरचे हात दिसायलाच हवेत. पैशाच्या काउंटरवर तर नोट न् नोट मोजताना दिसते. पैज बंद झाल्यावर चिप सरकवणं ही जगातली सगळ्यात जुनी लबाडी, तिच्यासाठी डोळे तयार केलेले असतात. तुम्ही पाहिलेले तीन सूटवाले त्यामुळेच इतक्या लवकर आले.

आता बोळ, जिना, वॉशरूमचं दार, धूम्रपानाची जागा. तिथेही कॅमेरे असतात, पण ते सहसा कुणी थेट बघत बसत नाही. रेकॉर्ड होतं, काही घडल्यावर मागे जाऊन बघायचं. रात्री गर्दीच्या वेळी स्क्रीनसमोरची माणसं कमी आणि टेबलं जास्त, मग नजर कुठे राहणार हे उघड आहे.

आणखी एक. टेबलावर चिप्स कमी पडल्या की काउंटरवरून नव्या चिप्स जातात, त्याला फिल म्हणतात. त्या ट्रेबरोबर एक गार्ड चालतो. तीस पावलांचं अंतर असलं तरी चालतो. पण पाहुणा रोख रक्कम घेऊन निघाला तर त्याच्यासोबत कुणी जात नाही, जोपर्यंत तो मागत नाही. मागितलं तर चांगल्या ठिकाणी देतात, अगदी गाडीपर्यंत. हे मागता येतं हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही, याचा मला तेव्हाही राग यायचा. काउंटरवर एक पाटी लावायला काय लागतं?

फ्लोअरवरचे गार्ड बहुतेक ठिकाणी कंत्राटी. बारा-बारा तासांची पाळी. त्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशी कळते: मोठा खेळणाऱ्याला हात लावायचा नाही. त्याला राहणं, खाणं, विमानाचं तिकीट सगळं कॅसिनो देतं. त्याला बाहेर काढणाऱ्या गार्डची नोकरी जाऊ शकते, तुम्हाला दुसऱ्या टेबलवर बसवणाऱ्याची जात नाही. तुमच्या त्या सिक्युरिटीवाल्याने बहुधा हाच हिशेब केला.

काय करायचं: आजच ईमेल करा. तारीख, अंदाजे वेळ, मजला, कुठला बोळ, काउंटरवर रोख घेतल्याची वेळ (पावती असेल तर उत्तम), आणि "हे फुटेज जपून ठेवावे" असं स्पष्ट लिहा. फुटेज कायम राहत नाही, ठरावीक काळानंतर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. काउंटरच्या कॅमेऱ्यात तुमची नणंद आणि तिच्या मागे घुटमळणारा तो, दोघंही दिसण्याची शक्यता मोठी आहे. तिथली प्रतिमा बोळातल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट असते. फीडर बोटीत चढताना-उतरतानाचंही मागा. आणि मॅनेजरने घटनेची नोंद केली असेल तर तिचा क्रमांक. नोंद केली नसेल तर तेही त्यांच्याकडून लेखी घ्या.


ॲडव्होकेट_ठाणेकर

छतावरचा_डोळा यांनी फुटेजबद्दल लिहिलं ते सोन्यासारखं आहे. मी कायद्याचा भाग लिहिते.

पहिलं, गुन्हा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. मुलुंडमध्ये नोंद होईल आणि पुढे पणजीला वर्ग होईल. ईमेलने किंवा ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर त्याच कलमात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवायची आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जायची सोय आहे.

दोन घटना वेगळ्या मांडा. तुमच्याशी झालेलं वर्तन भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ (विनयभंग) किंवा ७५ (लैंगिक छळ) खाली येऊ शकतं. नणंदेच्या बाबतीत बॅग हिसकावण्याचा प्रयत्न आणि दुखापत. हिसकावून चोरी हा आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे गेले नाहीत म्हणून काही घडलंच नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. प्रयत्न हाही गुन्हाच आहे.

दुसरं, ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोठा बदल हा झाला की तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गोव्याला खेटे घालायची गरज नाही, तुमच्यासाठी वांद्र्याचा उपनगर जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेसाठी शुल्क नाही. ऑनलाइन दाखल करता येतं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून ठेवा, काही वेळा तिथेच हालचाल होते.

इथे एक अडचण मुद्दाम सांगते, कारण समोरचा वकील ती काढणारच. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य असतो. त्यामुळे "मी इतके जिंकले किंवा हरले" याला तुमच्या तक्रारीत मध्यवर्ती जागा देऊ नका. तुम्ही पॅकेजचे पैसे देऊन प्रवेश, जेवण, मनोरंजन आणि सुरक्षित जागा विकत घेतली होती. त्या सेवेत त्रुटी राहिली, एवढंच मांडा. पॅकेजची पावती जपून ठेवा.

तिसरं, गार्ड. २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला राज्याचा परवाना लागतो, गार्डला प्रशिक्षण आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. एजन्सी कोणती, परवाना क्रमांक काय, हे कॅसिनोला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी विचारल्याचा पुरावा आयोगापुढे उपयोगी पडतो.

फुटेज न्यायालयात चालायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते पोलीस मिळवतील, तुम्ही मोबाइलवर स्क्रीनचं चित्रीकरण करून समाधान मानू नका.


काळाचौकीचा_संदीप

ॲडव्होकेटताई, एक विचारतो. मॅनेजरने "किनाऱ्यावर गेल्यावर बघू" म्हटलं, तेव्हा बोटीवरूनच ११२ला फोन करता आला असता का?


ॲडव्होकेट_ठाणेकर

हो, नक्कीच. बोट नदीत नांगरलेली आहे, गोवा पोलिसांच्याच हद्दीत आहे, फोनला रेंज आहे. मॅनेजरची परवानगी लागत नाही. आणि कुणी "पोलिसांना फोन करू नका" म्हणून वाट अडवली तर तो वेगळा गुन्हा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती.


फोंडेकार_दादरात

मूळचा गोंयकार, कामासाठी बरीच वर्षं मुंबईत. थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच या दुखण्याचं मूळ आहे असं मला वाटतं.

गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६चा. १९९२मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिन्सना वाट दिली, १९९६मध्ये बोटींवर टेबलावरच्या खेळांना. मूळ कल्पना समुद्रातल्या जहाजांची होती. प्रत्यक्षात बोटी मांडवीत, पणजीच्या अगदी तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या हलवायच्या म्हणून आंदोलनं झाली, प्रत्येक निवडणुकीत आश्वासनं झाली. बोटी तिथेच आहेत.

१ फेब्रुवारी २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला मनाई आहे. आमच्या घरात या निर्णयाचं स्वागतच झालं, कारण आमच्या वाड्यावरचीच पोरं कर्जात बुडाली होती. पण त्याची दुसरी बाजू आज अवनीबाय तुमचं वाचून जाणवली. आतला प्रत्येक पाहुणा बाहेरगावचा आहे. दोन रात्रींत तो मुंबईला, बंगळुरूला, दिल्लीला परत जाणार. तक्रार करायला थांबणार कोण? स्थानिक माणसाला तिथे काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा जेट्टीवर गेला असता, आमदाराचं दार वाजलं असतं, वर्तमानपत्रात आलं असतं. पाहुण्याच्या पाठीशी असं गाव नसतं. म्हणून तुम्ही मुंबईत बसून पाठपुरावा करणं फार मोलाचं आहे.

ही मनाई आली त्याच सुमारास सरकारने राज्याच्या कर आयुक्तांकडे गेमिंग कमिशनरचे अधिकार दिले. तुमच्या तक्रारीची एक प्रत तिकडे आणि एक गोव्याच्या गृह खात्याला पाठवा, परवान्याचा विषय तिथे जातो. पोलिसांत गेलेल्या तक्रारीपेक्षा परवाना देणाऱ्याकडे गेलेल्या तक्रारीला कॅसिनोवाले जास्त बिचकतात, असं माझं निरीक्षण आहे.


रेवदंड्याची_लाट

माझा मुद्दा थोडा वेगळा, पण याच बोटींचा आहे. अवनी, फीडर बोटीत लाइफ जॅकेट घातलं होतं का?

१८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. दिवसाढवळ्या, मुंबईच्या बंदरात. लाइफ जॅकेटं घातलेली नसणं हा तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न ठरला. आम्ही अलिबागकडची माणसं लहानपणापासून लाँचने ये-जा करतो, त्यामुळे पाण्याची भीती मोडलेली असते, आणि धोका नेमका तिथेच असतो. आता विचार करा, रात्रीची वेळ, अर्धी माणसं प्यायलेली, मांडवीत भरतीचा जोर, आणि त्यात एकाच बोटीत हल्ला करणारा आणि जिच्यावर हल्ला झाला ती. तिथे धक्काबुक्की झाली असती तर?

पावसाळ्यात तर मला या बोटींची काळजीच वाटते. जुलै २०१७मध्ये लकी सेव्हन नावाची कॅसिनो बोट मांडवीत आणताना खवळलेल्या समुद्रात भरकटून मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली होती. ती रिकामी होती, फक्त खलाशी होते, म्हणून निभावलं.


अवनी_मुलुंड

@रेवदंड्याची_लाट, जाताना दिलं होतं, बऱ्याच जणांनी हातात धरलं होतं. येताना कुणी विचारलंही नाही.


सिंगापूर_रिटर्न

मी काही काळ सिंगापूरला होते. खेळत नाही, पण पाहुण्यांना घेऊन तिथल्या कॅसिनोत जाणं व्हायचं. तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर प्रवेशशुल्क आहे, परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. घरच्यांनी अर्ज केला तर एखाद्याला प्रवेशबंदी होते आणि ती दारावर खरंच पाळली जाते. जुगारासाठी स्वतंत्र नियामक आहे, पोलिसांच्या गुन्हे शाखेत कॅसिनोसाठी वेगळा विभाग आहे. एकदा आमच्यासमोर एका माणसाने महिला डीलरवर आवाज चढवला. दोन गार्ड आले, त्याला बाजूला घेऊन गेले. तो पुन्हा दिसला नाही. सगळं शांतपणे.

त्यामुळे "कॅसिनो म्हटलं की असं व्हायचंच" हे मला मान्य नाही. असं होऊ द्यायचं की नाही हे परवाना देणारा ठरवतो.


छतावरचा_डोळा

सिंगापूरचं बरोबर आहे. उलट उदाहरण मनिलाचं. २ जून २०१७ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथल्या एका मोठ्या कॅसिनोत एक बंदूकधारी शिरला. दारावरच्या गार्डसमोरून चालत आत गेला. त्याने टेबलांना आग लावली. ३७ जणांचा जीव गेला, बहुतेकांचा धुराने गुदमरून. गोळीने कुणीच नाही. लोक गोळ्यांच्या भीतीने आतल्या खोल्यांत लपले आणि धूर तिथे पोहोचला. तो माणूस जुगाराच्या कर्जात बुडालेला होता आणि घरच्यांच्या विनंतीवरून त्याला कॅसिनोबंदी झालेली होती.

आम्हाला प्रशिक्षणात त्यावर बोलायला लावायचे. मी तेव्हापासून कुठेही गेलो की आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघतो. कॅसिनोत खिडकी नसते, घड्याळ नसतं, गालिचा जाड, छत खाली, सजावट जळाऊ. बोटीवर तर चारी बाजूंनी पाणी. जेट्टीवर बायकांची तपासणीच झाली नाही, हे तुम्ही सहज लिहिलंत अवनीताई, पण माझ्या लेखी तुमच्या हकिगतीतली ती फार मोठी गोष्ट आहे. तक्रारीत ती वरच्या परिच्छेदात घ्या.


तिखटमीठ

आगीचं वाचून काटा आला. २०१७च्या डिसेंबरात कमला मिल्समध्ये १४ जण गेले तेव्हा आम्ही पलीकडच्या गल्लीत होतो. वॉशरूममध्ये आसरा घेतलेली मुलं-मुली तिथेच गुदमरली. डिसेंबर २०२५मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ जण. त्यात तळघराच्या स्वयंपाकघरात काम करणारे कितीतरी होते. प्रत्येक वेळी नंतर तपासणी मोहीम निघते आणि दोन महिन्यांत थंडावते.


कुर्ला_कॉलिंग

माझा प्रश्न मुंबईचा आहे. इथे कायदेशीर कॅसिनो नाहीच ना? मग क्लबच्या नावाखाली, फार्महाऊसवर "कॅसिनो नाइट" चालतात त्यांचं काय? माझ्या बहिणीला ऑफिसमधल्या मैत्रिणीने कर्जतच्या अशा एका पार्टीचं आमंत्रण दिलं आहे.


ॲडव्होकेट_ठाणेकर

नाही. महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३मध्ये रद्दही झाला. इथे १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. खोट्या चिप्सवर गंमत म्हणून खेळ असेल तर गोष्ट वेगळी, पण खरे पैसे लागत असतील तर तो जुगारअड्डा, आणि तिथे नुसतं हजर असणाऱ्यालाही अटक होऊ शकते. सुरक्षेच्या दृष्टीने तर ही सगळ्यात वाईट जागा. बाउन्सर आयोजकाचे, कॅमेरे असले तर आयोजकाचे, आणि काही झालं तर पोलिसांत जायची भीती, कारण आपणच आरोपी होऊ असं वाटतं. अशा ठिकाणी बायकांवर अत्याचार झाला तरी त्या गप्प बसतात. तसं झालंच तर गप्प बसू नये हेही सांगते, तो गुन्हा तिथल्या जुगारापेक्षा फार मोठा आहे. बहिणीला जाऊ देऊ नका.


कुर्ला_कॉलिंग

धन्यवाद ताई. तिला हा धागाच पाठवला.


काळाचौकीचा_संदीप

अवनीताई, पहिल्या प्रतिसादात मी बोललो ते माझं मत आजही आहे, मी जाणार नाही. पण तिथे गेलेल्या माणसाची सुरक्षा हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूने आहे. माझा धाकटा भाऊ मॉलमध्ये गार्ड आहे. त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, आम्हाला कुणी शिकवलंच नाही की बाईने तक्रार केली तर आधी त्या माणसाला हलवायचं. आम्हाला सांगतात, वाद वाढू देऊ नका." वाद वाढू नये म्हणून तक्रार करणारीला उठवायचं, ही सवय मॉलपासून बोटीपर्यंत सगळीकडे एकच आहे. मराठीत पत्र लिहायला, कुठे सोबत यायला लागलं तर सांगा.


अवनी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून.

ईमेल केला, छतावरचा_डोळा यांनी सांगितलं तसाच. "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" असं उत्तर आलं, सोबत पुढच्या भेटीसाठी मोफत पॅकेजचं कूपन. नणंद ते बघून रडली. मी लेखी कळवलं की कूपन नको, फुटेज जपल्याचं लेखी द्या. मग मात्र दोन ओळींचं उत्तर आलं: फुटेज राखून ठेवलं आहे, पोलिसांच्या मागणीनुसार देऊ. एजन्सीच्या परवान्याबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या पोलीस ठाण्यात सुरुवातीला "गोव्याचं आहे, तिकडे जा" म्हणाले. कलम १७३चा कागद पुढे ठेवल्यावर ड्यूटीवरच्या महिला अधिकाऱ्यांनी स्वतः बसून नणंदेचा आणि माझा जबाब वेगवेगळा घेतला. फार शांतपणे, घाई न करता. एफआयआरची प्रत हातात आहे, पणजीला वर्ग होते आहे. काउंटरवरच्या पावतीवर वेळ छापलेली निघाली, तीही जोडली. गेमिंग कमिशनर आणि गृह खात्याला प्रती स्पीड पोस्टाने गेल्या. आयोगाची तक्रार ॲडव्होकेटताई बघून देणार आहेत, मसुदा तयार आहे. मागणीत नुकसानभरपाईबरोबर तीन गोष्टी घातल्या आहेत: जेट्टीवर महिला सुरक्षारक्षक, रोख घेणाऱ्या पाहुण्याला सोबत मिळते याची काउंटरवर पाटी, आणि तक्रार झालेल्या माणसाला तक्रारदाराबरोबर एकाच फीडर बोटीत न बसवणं.

आता एक विनंती. वॉशरूममधून बाहेर आलेल्या त्या दोन बायकांमुळे नणंद वाचली. त्या मराठी बोलत होत्या, एकीने "अगं, काय झालं?" असं विचारलं होतं आणि पाणी दिलं होतं. आम्ही इतक्या घाबरलेल्या होतो की नावं विचारायची राहिली. साक्षीदार म्हणून त्यांचा जबाब फार महत्त्वाचा आहे. तुमच्या ओळखीत कुणी असा प्रसंग सांगितला असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप करा. त्यांची नावं इथे येणार नाहीत.


फोंडेकार_दादरात

अवनीबाय, पणजीच्या दोन-तीन गटांवर हा निरोप कोकणी आणि मराठीत टाकतो. पुढच्या आठवड्यात गावी जातोय. पोलीस ठाण्यात तुमची एफआयआर पोहोचली का हे विचारून येईन, फक्त क्रमांक व्यक्तिगत निरोपात पाठवा.